वीस हातांवरची विहीर

मथुरा रोज सकाळी विहिरीतून पाच कळश्या पाणी काढायची. दोन हंड्याला, एक माठाला, एक भांड्यांना आणि पाचवी लेकीच्या, हौसाच्या खोलीतल्या तांब्याच्या घागरीला. हौसा जाऊन दोन महिने होत आले होते. पाचवी कळशी काठावर आली की तिला ते आठवायचं. मग ती कळशी पायरीवर ठेवून द्यायची आणि संध्याकाळी अळवाला ओतायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच.

रडू तिला आलंच नव्हतं. लेक दवाखान्यातून घरी आणली तेव्हाही नाही, जावई राजापूरच्या एस.टी.त बसून परत गेला तेव्हाही नाही. आळीतल्या बायका म्हणाल्या, रड गो मथुरा, रडलीस म्हणजे हलकी होशील. तिने मान हलवली आणि तांदूळ धुवायला बसली. जड तरी कुठे वाटत होतं? अंगावरून पाणी ओतावं आणि ते ऊन आहे की गार हेच कळू नये, तसं तिचं झालं होतं.

एवढंच की भात बिघडायला लागला. पूर्वी भात चुलीवर चढला की ती ओव्या म्हणायची. भाताला पंचवीस, डाळीला चाळीस. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं आणि कधी लागलंही नव्हतं. जातं तर केव्हाच सुटलं होतं, गिरणी आळीच्या तोंडावर आली होती. ओव्या मात्र जात्यावरून उठून चुलीपाशी आणि रहाटापाशी येऊन बसल्या होत्या. आता त्या येत नव्हत्या. त्यामुळे भात एक दिवस कच्चा राही, एक दिवस खाली लागे. तिचा नवरा आप्पा दोन्ही भात सारखेच जेवायचा.

आळी उतारावर होती. वर सडा, काळवंडलेल्या जांभ्या दगडाचा सपाट माथा, खाली माडांची रांग आणि त्याच्याही खाली खाडी. पंधरा घरं, आणि पंधराही घरांना प्यायला मथुरेच्या विहिरीचं पाणी. नगरपालिकेचा नळ आळीच्या टोकाला आला होता, दिवसाआड तासभर यायचा. पण त्या पाण्याला औषधाचा वास. त्याच्यात कपडे धुवायचे, अंगणात सडा घालायचा. प्यायचं कसं? "नळाचं पाणी म्हणजे डॉक्टरची बाटली," मथुरा म्हणायची, "आजाऱ्याने प्यावी." तिच्या विहिरीचं पाणी निवळशंख होतं. चैत्रातसुद्धा तळाचा खडा दिसायचा. हौसाचं लग्न झालं त्या साली रहाट ओढता ओढता तिने एक ओवी बांधली होती:

*विहीरबाई माझे, उरी धर गं आभाळ*
*लेक येईल माहेरा, तिची तहान सांभाळ*

लेक माहेरी आली ती पंच्याऐंशी सालच्या ज्येष्ठात, सातवा लागल्यावर, पहिल्या बाळंतपणाला. तिच्यासाठी आप्पाने चैत्रातच परसात संडास बांधून घेतला. आजवर घरातली सगळी वर सड्याकडे जायची. पावसात, पोट सांभाळत, निसरड्या कातळावरून पोरीने चढायचं, हे त्याला बघवणार नव्हतं. आप्पाचा जन्म बंदरावरच्या गोदामात तोलार म्हणून गेला होता. तोललं-मापलं नाही असं तो काही करत नसे. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की खड्डा विहिरीपासून वीस हात लांब हवा. त्याने सुतळी धरून दोनदा मोजलं. वीस हात, वर चार बोटं. खाली तुळस होती, देवाची खोली होती, म्हणून खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला घेतला.

खड्डा खणायला चिरेखाणीवरचा गंगाराम होता. पुरुषभर खोल गेल्यावर त्याची पहार एकदम आत गेली. त्याने पोकळीत कान लावला आणि हसला.

"आप्पानु, नशीबवान तुम्ही! इथला जांभा पोळ्यासारखा हाय, नुसती भोकं. पाणी थांबायचा नाय. हा खड्डा तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत भरत नाय, लिहून घ्या."

आणि खरंच तो भरत नव्हता. पावसाळा डोक्यावरून गेला, खालच्या वाडीतल्या नव्या संडासांचे खड्डे तुंबून वर आले, आप्पाचा खड्डा कोरडा ठाक. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उचलून दाखवायचा. "बघा, बादलीभर ओता, टिपूस राहत नाय." लोक वाकून बघायचे, मान डोलवायचे.

हौसा यायची ती आधी विहिरीवर. ओंजळीने प्यायची, पदराला तोंड पुसायची. "आये, आमच्या तिकडे नदीचं पाणी गो. तोंडात गाळ येतो. इथे आले की वाटतं दोन जिवांचं पिऊन घ्यावं." श्रावणात तिचे डोळे पिवळे झाले. मथुरेने माळवाल्याकडून काविळीची माळ आणली, मुळांच्या तुकड्यांची. ती डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरेल तशी माळ लांबते आणि गळ्यातून खाली येते. माळ लांबली. छातीपर्यंत आली. मथुरा हरखली, आणखी दोन तांबे पाणी तिला पाजलं. त्याच संध्याकाळी हौसा असंबद्ध बोलायला लागली. दवाखान्यात चौथ्या दिवशी गेली. पोटातलं मूल पोटातच राहिलं.

माळ अजून खुंटीला होती.

आश्विनात, पाऊस सरल्यावर, आळीत आणखी तिघांचे डोळे पिवळे झाले. एक शाळामास्तर, एक खलाशी, एक म्हातारा. तिघेही पथ्य करून बरे झाले. पण कुणीतरी कळवलं असावं, कारण एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला महिपत सायकल ढकलत चढावर आला. महिपत नगरपालिकेतर्फे विहिरींत पावडर टाकायचा. त्याच्या खाकी शर्टाला जागोजागी पांढरे डाग आणि भोकं पडलेली असायची.

"मथुराकाकी, आज तरी टाकू द्याल? मी चढावर दिसलो की तुमची आळी नाक धरते. आमची बायको तर म्हणते, तुम्ही घरात यायच्या आधी तुमचा वास येऊन बसतो, चहा त्यालाच देते."

एरवी मथुरा हसली असती. ती पायरीवरून उठली आणि बाजूला झाली. "टाक."

महिपत चपापला. त्याने पिशवी काढली, बादलीत पावडर कालवायला घेतली. मथुरा बघत होती. ज्येष्ठातही तो आला होता, हौसा आल्यानंतर आठ दिवसांनी. तेव्हा तिने कुंपणाच्या बेड्याची, फाटकाची, आडवी काठी लावून घेतली होती. माझ्या विहिरीत तुझा चुना नको, माझी पोर पहिलटकरीण हाय, तिच्या पाण्याला वास यायला नको. महिपतच्या ते लक्षात नव्हतं. दिवसाला चाळीस विहिरी बघणारा माणूस, कुणी कुणी हाकललं ते किती लक्षात ठेवणार?

"पण काकी," तो ढवळता ढवळता म्हणाला, "कावीळ पाण्यातून येते, आणि पाण्यात ती येते घाणीतून. वरनं रोज घाण झिरपत असेल तर माझी पावडर किती दिवस पुरणार? तुमचा खड्डा कुठे?"

तिने बोट दाखवलं.

महिपतने एकदा खड्ड्याकडे, एकदा विहिरीकडे पाहिलं. "भरत नाय म्हणतात तो हाच का?"

"वीस हात हाय. दोनदा मोजला यांनी."

"मातीत वीस हात ठीक. जांभ्यात काय मोजणार? भोकाला भोक लागलेला असतो, नळासारखा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "नक्की सांगता येत नाय. खात्री करायची तर पोतंभर मीठ खड्ड्यात ओता, वर पंधरा-वीस बादल्या पाणी. आणि रोज विहिरीचं पाणी फक्त जिभेवर घ्या, गिळू नका. तोवर पिण्याचं उकळा. उकळी फुटल्यावर वीस मिनिटं. आणि काकी, आळीत कुणी गरोदर असेल तर तिला आधी सांगा. इतरांना कावीळ येते न् जाते. गरोदर बाईला ती सोडत नाय."

तो सायकलवर बसून गेला. मथुरा विहिरीत बघत राहिली. पाण्यावर पांढरा तवंग फिरत होता. गरोदर बाईला ती सोडत नाय, हे वाक्य तिने मनात दोनदा म्हटलं. ते कुणाबद्दल आहे हे तिला माहीत होतं, पण आत काहीच हललं नाही. हललं ते वेगळंच. शेजारच्या घरातून काशी कळशी घेऊन येत होती. काशी, येसूबाईची सून. पाचवा महिना. चालताना एक हात कमरेवर.

"काशे, आज नको नेऊस."

"का गो काकी?"

"नळाचं ने. उकळून पी."

काशी गोंधळून उभी राहिली. तेवढ्यात मागून येसूबाई आली. येसूबाईचं तोंड आळीत प्रसिद्ध होतं. मनात आलेलं तिच्या ओठांवर थांबत नसे.

"काय झाला? पाण्याला नाय म्हणतेस?"

"येसू, पाण्यात दोष असेल. पोर दोन जिवांची हाय."

येसूबाईने सुनेला मागे ओढलं. "तेच म्हणते मी. दोन जिवांची हाय म्हणूनच तुझ्या पोटात दुखतंय. दोन महिने बघतेय, पोर इकडून गेली की तुझी नजर तिच्या पोटावर. तुझं वाईट झाला, मला काय कळत नाय? पण म्हणून दुसरीच्या पोरीचं पाणी बंद करशील?"

"नजर नाय गो..."

"पंधरा घरं प्यायली इतकी वर्षं. आज दोष आला? भर काशे. बघू कोण अडवतंय!"

काशीने खाली मान घालून कळशी भरली. रहाट कुरकुरला. मथुरा बाजूला उभी राहिली. तिला राग आला नाही. येसूबाई म्हणते ते खरंही असेल, असंही तिला वाटलं. ती बघत होतीच काशीच्या पोटाकडे. रोज.

संध्याकाळी तिने आप्पाला महिपतचं बोलणं सांगितलं. मिठाचं तेवढं सांगितलं नाही. आप्पा ओटीवर सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला.

"वीस हात हाय," तो म्हणाला.

"हो."

"वर चार बोटं." अडकित्ता पुन्हा चालू झाला, पण त्यात सुपारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा बंदरावर जुन्या मंडळींकडे गेला तेव्हा मथुरा पडवीत गेली. माडांच्या मुळात घालायला आणलेलं खडेमिठाचं पोतं तिथे होतं. ते उचलणं तिला शक्य नव्हतं. तिने टोपली घेतली. टोपली भरायची, परसात जायचं, झाकण सारायचं, ओतायचं. सोळा टोपल्या झाल्या. मीठ आत पडताना पावसाच्या सरीसारखा आवाज यायचा आणि मग काहीच नाही. नंतर वीस बादल्या पाणी. खड्डा सगळं प्यायला. टिपूस राहिला नाही.

रोज सकाळी ती कळशीतलं पाणी बोटाने जिभेवर लावायची. पहिल्या दिवशी गोड. दुसऱ्या दिवशी गोड. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, गोडच राहू दे. म्हणजे मग माझी पोर कशाने गेली ते मला कळणार नाय, आणि न कळलेलं बरं. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून तिला काशी दिसली. अंगणात उभी राहून तांब्या तोंडाला न लावता वरून घटाघट पीत होती. घशाची हाडं वरखाली होत होती. मथुरेने हाक मारायला तोंड उघडलं आणि येसूबाईचा आवाज आठवून मिटलं. ती आत गेली, आणखी दहा बादल्या खड्ड्यात ओतल्या.

तिसऱ्या दिवशी जिभेला काहीतरी लागलं. चौथ्या दिवशी पाणी सरळ खारट लागलं; आळीतल्या माठांत अजून आदल्या दिवशीचं होतं.

त्या दिवशी तिने ते पाणी आप्पाच्या पानाजवळ तांब्यात भरून ठेवलं. का ठेवलं ते तिला सांगता आलं नसतं. तोंडाने सांगण्यापेक्षा सोपं, एवढंच. महिपतने गिळू नका म्हटलं होतं. पण आप्पा महिने न् महिने तेच पीत आला होता. भात कच्चा होता. आप्पा जेवला, तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि थांबला. तोंडात घोट तसाच धरून तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मग गिळला.

"माडांना मीठ घातलंस?"

"नाय."

"पोतं रिकामं हाय. काल बघितला मी."

"हो."

"मग कुठे घातलंस?"

"खड्ड्यात."

आप्पाने तांब्या खाली ठेवला. तो ठेवताना त्याने तो नेमका पाटाच्या रेघेवर ठेवला, इकडचा तिकडे होऊ नये असा. बाहेर कावळा ओरडत होता.

"दोनदा मोजला मी," तो म्हणाला.

"मला ठाऊक हाय."

"पोरीला सड्यावर चढायला लागू नये म्हणून..."

"मला ठाऊक हाय हो. मी महिपतला हाकलला. तुम्ही खणलात, मी पाजला. दोघांनी मिळून केला."

ती हे बोलली ते भाजी कितीला आणली सांगावं तशा आवाजात. आप्पाने तोंड पंच्याने झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. मथुरेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपला हात हलतोय हे तिला दिसत होतं. मग ती उठली.

"कुठे चाललीस?"

"काशीकडे."

आप्पाने पंचा खाली घेतला. "सांगशील त्यांना? खड्ड्यातलं हाय म्हणून? अगो, पंधरा घरं प्यायलीत. काय म्हणतील? आधी खड्डा बुजवून घेऊ. गंगारामला उद्या बोलावतो. आठ दिवसांत..."

"आठ दिवस ती पीत राहील."

तिने तांब्या उचलला, पान तसंच ठेवून. दुपार होती. येसूबाई दारात तांदूळ निवडत होती, काशी आतल्या दारापाशी टेकली होती. मथुरेला बघून येसूबाईने सूप खाली ठेवलं.

"आता काय?"

"चव बघ."

"कशाची?"

"माझ्या विहिरीचं पाणी हाय. थेंबभर जिभेवर घे, आणि थुंक."

येसूबाईने संशयाने तांब्यात पाहिलं. बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थू करून अंगणात थुंकली. "खारट! काय घातलंस गो त्यात?"

"तांब्यात नाय घातलं. चार दिवसांपूर्वी संडासाच्या खड्ड्यात पोतंभर मीठ ओतलं. ते विहिरीत आलं. मीठ आलं त्या वाटेने बाकीचंही आलं. चैत्रापासून येतंय. महिपत म्हणतो, गरोदर बाईला ती कावीळ सोडत नाय."

तांदळावर दोन चिमण्या येऊन बसल्या. येसूबाईने त्यांना हाकललं नाही.

"म्हणजे तुझी हौसा..."

"हो."

काशी आत गेली. आतून हंडा ओतल्याचा आवाज आला, भरलेला हंडा, मोरीत. मग माठ. मग पुन्हा काहीतरी. येसूबाई उठली तेव्हा मथुरेला वाटलं ती आता ओरडेल, आळी गोळा करेल. ओरडली असती तर चाललं असतं. पण येसूबाईने तिच्या हातातला तांब्या काढून घेतला, केळीच्या मुळात रिता केला, राखेने घासला, धुतला आणि परत तिच्या हातात दिला.

"मी काय बोलले त्या दिवशी..."

"बोललीस ते बोललीस. नळाला पाणी कधी यायचं?"

"उद्या. साताला."

घरी येऊन मथुरेने बघितलं, तर आप्पा विहिरीच्या काठावर उभा होता. त्याने रहाटाचा दोर सोडून घेतला होता आणि तो हाताला गुंडाळत होता, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एक एक वेढा. ओठ हलत होते. तो हात मोजत होता.

सकाळी साताला ती नळावर गेली तेव्हा रांग लागली होती. बातमी पंधराही घरांत पोचली होती. कुणी तोंड फिरवलं नाही. खलाशाच्या बायकोने जरा सरकून जागा केली. मथुरेने दोन कळश्या भरल्या, एक आपली आणि एक काशीची. काशीला चढावर ओझं नको, म्हणून तिची कळशी मथुरेने मागून घेतली होती. पाण्याला तोच वास होता, महिपतच्या शर्टाचा.

मोठं पातेलं चुलीवर ठेवलं. उकळी फुटली. वीस मिनिटं, महिपत म्हणाला होता. आप्पा गंगारामला शोधायला गेला होता आणि घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. वीस मिनिटं म्हणजे किती? डाळीपेक्षा थोडं कमी. पस्तीस ओव्या. सावध म्हणून चाळीस धराव्यात.

तिने सुरुवात केली. सूर लागला नाही, तिने लावलाही नाही. नुसते ओठ. सासरच्या वाटेच्या, भावाच्या, आंब्याच्या मोहोराच्या, खाडीतल्या मचव्याच्या, तिच्या आईच्या. प्रत्येक ओवीला चुलीच्या कडेला एक तांदळाचा दाणा. सव्विसावी आली ती विहीरबाईची. ती गाळावी असं तिला वाटलं. पण गाळली तर मोजणी चुकली असती. *लेक येईल माहेरा, तिची तहान सांभाळ.* तिने दाणा ठेवला आणि पुढची घेतली.

चाळीस दाणे झाले. पातेलं उतरवलं, झाकलं, निवू दिलं. मग काशीच्या कळशीत गाळून भरलं आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे दिलं. काशीने तिथेच भांडंभर ओतून घेतलं, एक घोट प्यायली आणि नाक मुरडलं.

"औषधाचा वास येतो गो काकी."

"येऊ दे," मथुरा म्हणाली. "पी."